साळवेबाईंची हातोडी

मीरा, तुझी मेल आली. जुनी, छोटी एसयूव्ही घ्यायची म्हणतेस, आणि विकणाऱ्याचे नऊ फोटो मला पाठवून विचारतेस, "आजी, कशी आहे?" गाडी निळी आहे आणि चकचकीत आहे. याहून जास्त मला फोटोवरून कळत नाही. पण माझ्या ओळखीच्या एक बाई होत्या. त्यांनी हे फोटो पाहून एकच प्रश्न विचारला असता : "एवढी चकचकीत कशाला केलीय?"

त्यांच्याविषयी तुम्हा दोघा नातवंडांना, तुला आणि रोहनला, कधीतरी लिहायचंच होतं. आता निमित्त मिळालं आहे.

त्यांचं नाव विमल साळवे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तुझ्या आजोबांची बदली शिरूरला झाली आणि मला तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. साळवेबाई तिथे विज्ञान शिकवत. अंगाने बारीक, आवाजाने खणखणीत. पांढरी सुती साडी आणि तिच्याखाली कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये पावडर-कंगवा नसे, टॉर्च, पेन्सिल आणि कोरे कागद असत. कपाटात, प्रयोगवह्यांच्या गठ्ठ्यामागे, लांब दांड्याची एक लहान हातोडी असे.

ती हातोडी त्यांच्या वडिलांची. ते दौंड स्टेशनावर होते. गाडी थांबली की डब्यांच्या कडेने चालत प्रत्येक चाकावर ते एक ठोका मारत आणि कान देत. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजे. आत तडा असेल तर आवाज बसका येई. "डोळ्याला तडा दिसायच्या आधी कानाला कळतो," असं बाई वर्गात सांगत आणि फळ्याच्या लाकडी चौकटीवर हातोडी मारून दाखवत. वाळवी कुठून लागली आहे ते मुलांना बाकावर बसल्या बसल्या कळे.

त्यांची एक सवय मला सुरुवातीला फार खटकली. कुणी काही दिलं की त्या ते तिथेच उघडून बघत. दिवाळीला शाळेकडून मिठाईचा पुडा मिळाला, की सगळ्यांसमोर दोरा सोडून आत बघणार. पडद्याचं कापड घ्यायला गेलो, तर दुकानदाराला पूर्ण ठाण उलगडायला लावणार. मी पुण्यात मिशनरी शाळेत वाढलेली. देणाऱ्यासमोर भेट उघडणं म्हणजे असभ्यपणा, हे आमच्या हाडात भिनलेलं. एकदा मी न राहवून म्हटलं, "विमलताई, घरी जाऊन बघितलं तर नाही का चालणार?"

त्यांनी पुडा बांधला आणि शांतपणे सांगितलं, "माझ्या आजीला लग्नकार्यात जुनं लुगडं मिळायचं. लांबून टाकायचे. ते उचलायचं आणि निघायचं. उलगडून बघितलं तर, काय माज आलाय का, म्हणायचे. घरी येऊन बघावं तर मधोमध जळलेलं. मी उघडून बघणार बाई. तिच्या वाटचंसुद्धा बघणार."

त्यानंतर मी त्यांना तसं कधी विचारलं नाही.

आता जीपची गोष्ट. शिरूरला नदीपलीकडे एक वस्ती होती. तिथल्या मुली सातवीपर्यंत वस्तीच्या शाळेत शिकत आणि मग घरी बसत. एस.टी. वस्तीपर्यंत जात नव्हती. वाट काळ्या मातीची, एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला उसाचं शेत. पावसाळ्यात साधी गाडी चाकभर रुतायची आणि मोठी जीप वळायचीच नाही. एका मार्चमध्ये साळवेबाई वस्तीवर गेल्या आणि सात मुलींच्या आईवडिलांना म्हणाल्या, "आठवीला पाठवा. आणायची-सोडायची जबाबदारी माझी."

त्यातल्या संगीता नावाच्या मुलीच्या वडिलांनी स्पष्टच सांगितलं, "बाई, जूनला गाडी दारात आली तर पोरगी शाळेत. न्हाई आली तर तिच्या मामानं स्थळ आनलंयच."

म्हणजे हातात तीन महिने होते. हवी होती चारही चाकांना जोर देणारी छोटी जीप. नवी घेणं बाईंच्या पगारात शक्य नव्हतं. जुनीच घ्यायची होती. गाडी चालवायला त्या दौंडला भावाच्या टेम्पोवर शिकल्या होत्या. मला त्यांनी सोबत घेतलं ते कागदपत्रं वाचायला. "इंग्रजी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते तुम्ही बघा. लोखंड मी बघते."

पहिली जीप दाखवली ती शाळेच्या कमिटीतल्या एका वजनदार सभासदाच्या पुतण्याने. मुख्याध्यापकांनीच सुचवली होती. सुचवली म्हणजे, घ्यायचीच आहे अशा सुरात सांगितली. पुतण्या वाड्याच्या फाटकाशी उभा होता, सोबत चार मित्र. चहा तयार होता.

"चहा नंतर," साळवेबाई म्हणाल्या. हा त्यांचा नियम होता. विकणाऱ्याचा चहा आधी प्यायला की तोंड उघडायला जड जातं, असं त्या म्हणत.

"गाडी म्हंजी लोणी हाय, बाई," पुतण्या म्हणाला. "लग्नाच्या वरातीबिगर कुठं बाहेर काढलीच न्हाई."

बाईंनी आधी तळहात बॉनेटवर ठेवला. गार होतं. मग हातोडी उलटी धरून दांड्याने त्या पत्रा वाजवत निघाल्या. दार, टप, मागचं मडगार्ड. टण, टण, टण, आणि एकाएकी बद्. पुन्हा मारलं. बद्. "इथं पत्रा नाही, पुट्टी भरलीय."

"बारीक घासली हुती."

"हातभर लांब?"

मित्र हसले. पुतण्याचा चेहरा बदलला. "बाई, तुम्ही शाळेत बेडूक फाडता. ह्यातलं तुम्हाला काय कळतंय?"

"बेडूक फाडल्यावरच कळतं, आत काय आहे ते," बाई म्हणाल्या आणि ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी चटई ओढून काढली. खाली ओलसर वाळू होती. नदीची. त्यांनी मूठभर उचलली आणि पुतण्याच्या तळहातावर ठेवली. "वरात नदीतून गेली होती का हो?"

मग त्यांनी पोतं अंथरलं, पदर खोचला आणि टॉर्च घेऊन जीपखाली शिरल्या. शिरूरच्या भर चौकातल्या फाटकाशी शाळेच्या बाईंचे कॅनव्हासचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. रस्त्यावर माणसं थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खालून आवाज आला, "चासीला दोन ठिकाणी वेल्डिंग आहे. वाळूची खेप जड झाली होती वाटतं."

बाहेर येऊन त्यांनी हात झटकले. "नको ही गाडी."

पुतण्या दबक्या आवाजात म्हणाला, "काकांना कळलं तर वाईट वाटंल. देतोय ते घ्यावं, बाई."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण भाषा बदलली. रागावल्या की त्या दौंडच्या बोलीत शिरत. "देतोय ते घ्यायचे दिस माज्या आजीबरबर गेले. फुकट दिली तरी माज्या पोरी ह्यात बसायच्या न्हाईत. काकांना हेच सांग."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले? "म्हणाले, तुम्ही फार बघता. मी म्हटलं, हो."

त्यानंतर शिरूर गावात त्यांना कुणी गाडी दाखवेना. एप्रिल गेला. मे अर्धा झाला. आम्ही दर रविवारी एस.टी.ने कुठेतरी जात होतो. कोरेगाव भीमाच्या एका गाडीचं मीटर अगदी कमी फिरलेलं होतं, पण क्लचचं पेडल गुळगुळीत झालं होतं. "काटा मागे फिरवता येतो, रबर पुन्हा उगवत नाही," बाई म्हणाल्या आणि परतल्या. दुसऱ्या एका गाडीचं चारही चाकांचं लिव्हर हलेना. मालक म्हणाला, ते कधी लागतच नाही. बाई म्हणाल्या, मला त्याच्यासाठीच हवी आहे. आणखी एका जीपच्या चासीवरच्या आकड्यांवर त्यांनी कागद धरून पेन्सिल घासली. कागदावर उमटलेला नंबर आणि आरसी बुकातला नंबर मी शेजारी ठेवून वाचला. दोन आकडे वेगळे होते. ते माझं एकमेव कर्तृत्व.

मग कुणीतरी कुरकुंभजवळच्या एका शेतकऱ्याचं सांगितलं. गावात त्यांना सगळे आबा म्हणत. मोठी बागायत. मुलगा कुरकुंभला कारखान्यात लागल्यावर त्याने मोटरसायकल घेतली आणि छोटी जीप गोठ्याशेजारी उभी होती. बाईंनी निरोप पाठवला : रविवारी सकाळी येते. गाडी आहे तशी दाखवा.

आम्ही पोचलो. जीप अंगणाच्या मधोमध उभी. धुतलेली, पुसलेली, आणि नव्या हिरव्या रंगाचा वास येत होता. आबा पांढरा फेटा बांधून उभे. बाईंनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. इंजिन चांगलंच तापलेलं.

"आबा, गाडी गरम आहे. रंगही कालचा आहे."

"व्हय. तुमी येनार म्हनून," आबा कौतुकाने म्हणाले.

बाईंनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. गार इंजिन पहिल्या फेरीत सुरू होतं का, सुरू होताना निळा धूर टाकतं का, हे विकणाऱ्याला दाखवायचं नसलं की तो आधीच गाडी तापवून ठेवतो. आणि नवा रंग कशावर बसतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. "आम्ही निघतो," त्या म्हणाल्या. आबांची सून चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तशीच उभी राहिली. आबांना काय चुकलं तेच कळलं नाही.

फाट्यावरून पुण्याकडची एस.टी. मिळाली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. जून पंधरा दिवसांवर होता. मी म्हटलं, "त्यांनी अंगणही सारवलं होतं."

"काय?"

"अंगण सकाळी सारवलेलं होतं. रांगोळी होती. बैलांची शिंगंसुद्धा रंगवली होती. त्याच हिरव्या रंगाने."

पाटस आलं. कंडक्टरने घंटी मारली, गाडी निघायला लागली आणि बाई उभ्या राहिल्या. "थांबवा!" आणि मला, "उतरा हो, उतरा."

परत जाणारी एस.टी. यायला तासभर लागला. त्या तासात त्या एकच वाक्य बोलल्या, तेही माझ्याकडे न बघता : "आपल्यासाठी कुणी अंगण सारवेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

आबा बाजेवर बसले होते. फेटा काढून शेजारी ठेवला होता. आम्हाला बघून उठले. मला वाटलं, बाई माफी मागतील. साळवेबाईंनी माफी मागितली नाही. सरळ म्हणाल्या, "आबा, गाडी का तापवली होती?"

"आता घ्या! मास्तरीनबाई उन्हातानाच्या शिरूरवरनं येनार, आन् हितं आल्यावर गाडी खुडखुड करत बसली तर? म्हनून पहाटंच चालू करून ठिवली. रंग सुनंनं द्यायला लावला. म्हनली, पाव्हण्यांना मळकी गाडी दाखवायची व्हय?"

"मला मळकीच बघायची होती. आणि गारच. आता गार होईपर्यंत मी इथं बसते."

"बसा की. चहा टाक गं."

"चहा नंतर."

आबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. हा पाहुणा वेगळा आहे हे त्यांना समजलं असावं. "मंग आमी बी न्हाई घेत," ते म्हणाले आणि बाजेवर मांडी घालून बसले.

मे महिन्याची दुपार. एका बाजेवर आबा, दुसऱ्या बाजेवर आम्ही दोघी, मधोमध हिरवी जीप, आणि कुणीही चहा पीत नाही. सून दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "आबा, तुमचं डोकं दुखायला लागंल."

"दुखू दे. बाईंचं बी दुखतच आसंल."

बाई तिथेच पहिल्यांदा हसल्या.

उन्हं कलली तेव्हा बॉनेट गार झालं. बाई उठल्या. "आबा, तुमचा नवा रंग दोन-तीन ठिकाणी खरवडावा लागेल."

"खरवडा. बिनघोर खरवडा."

टण, टण, टण. डाव्या मडगार्डवर बद्. "हितं बैल धडाकला हुता," बाईंनी विचारायच्या आधीच आबा म्हणाले. चटईखाली साधी धूळ आणि ज्वारीचे चार दाणे. जीपखाली बूट तेवढे बाहेर, आणि त्या बुटांशेजारी या वेळी आबाही वाकून खाली बघत होते. "काय दिसतंय का बाई?" "तेल पाझरतंय थोडं." "ते जुनंच हाय." तेलाच्या झाकणाखाली पांढरा फेस नव्हता, म्हणजे आत पाणी शिरलेलं नव्हतं. चावी फिरवली, इंजिन दुसऱ्या फेरीत सुरू झालं, क्षणभर निळसर धूर आला आणि विरला. नांगरलेल्या रानात नेऊन बाईंनी चारही चाकांचं लिव्हर टाकलं. घट्ट होतं, पण पडलं, आणि जीप ढेकळांवरून वर चढली. मी कागद वाचले. नंबर जुळत होते. बँकेचा बोजा नव्हता.

परत येऊन बाईंनी बोटांवर दोष मोजून सांगितले : पुट्टी, तेल, घट्ट लिव्हर, मागचे दोन्ही टायर, जरा धूर. आबा प्रत्येकाला मान हलवत होते. मग म्हणाले, "आन् एक ऱ्हायलं. डाव्या दाराची काच खड्ड्यातनं गेलं की आपोआप खाली येती. पावसात लई तरास. ते तुमाला गावलं न्हाई."

साळवेबाईंनी हातोडी पर्सशेजारी ठेवली. "घेतली," त्या म्हणाल्या. "आता चहा द्या."

एकाच ट्रेमध्ये सगळ्यांचे कप आले. एकसारखे, निळ्या फुलांचे. आबांनी हाताला लागला तो उचलला. साळवेबाईंनी तेही बघितलं. त्यांनी बघितलं, हे मी बघितलं. त्या दोन कप चहा प्यायल्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी हिरवी जीप वस्तीच्या वाटेवर गेली. जुलैत त्या वाटेचा चिखल झाला, तेव्हा बाई वस्तीच्या अलीकडे थांबून लिव्हर टाकत आणि पुढे निघत. सात मुली दाटीवाटीने, डाव्या दाराशी बसलेली मुलगी काच दोन्ही हातांनी वर धरून. ते काम बहुधा संगीताकडे असे. येता-जाता बाई त्यांना इंजिनाचे आवाज ओळखायला लावत. कमिटीने एकदा पत्र दिलं की शिक्षिकेने खासगी वाहनातून विद्यार्थिनी आणणं शाळेच्या शिस्तीत बसत नाही. बाईंनी ते पत्र सगळ्यांसमोर उघडलं, उभ्याने वाचलं, आणि खाली लिहिलं : 'वस्तीपर्यंत एस.टी. सुरू करून घ्यावी. त्या दिवशी जीप बंद करते.' पत्राला उत्तर आलं नाही. जीप अकरा वर्षं चालली.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते आम्ही शिरूर सोडायच्या आठवड्यात, दोन हजार सालानंतर. बाई निवृत्त झाल्या होत्या. वस्तीपर्यंत एस.टी. अखेर आली होती आणि बाईंनी शब्द दिल्याप्रमाणे जीप विकायला काढली होती. मी निरोप घ्यायला रिक्षाने गेले, तर दारात एक तरुण बाई उभी होती, कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात. संगीता. कारेगावात राहत होती आणि तिथल्याच एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होती. तिला रोजच्या जाण्यायेण्याला गाडी हवी होती, आणि तिला बाईंचीच जीप घ्यायची होती.

जीप आठवडाभर धुतलेली नव्हती. बाईंनी मुद्दाम धुतली नव्हती.

"ये, आधी चहा घे," बाई म्हणाल्या.

"चहा नंतर, बाई."

साळवेबाईंनी आतून हातोडी आणून तिच्या हातात दिली आणि स्वतः पायरीवर बसल्या. संगीताने बॉनेटवर तळहात ठेवला. पत्रा वाजवत एक फेरी मारली. मग ओढणी कमरेला बांधली, पोतं अंथरलं आणि खाली शिरली. बराच वेळ खालून फक्त ठोके ऐकू येत होते. मग ठोके एका जागी थांबले. पुन्हा, पुन्हा, त्याच जागी.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "बाई, मागच्या स्प्रिंगच्या वर चासीला तडा आहे."

"कुठला तडा? मी दर महिन्याला बघते."

"आहे बाई." तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा जमिनीकडे, आणि मग सरळ बाईंच्या डोळ्यांत. "मी ही गाडी नाही घेणार."

मला वाटलं, बाई दुखावतील. साठीच्या पुढच्या साळवेबाई उठल्या, पदर खोचला, टॉर्च घेतली आणि तशाच खाली शिरल्या. "दाखव कुठं ते."

संगीताही पुन्हा आत गेली.

माझी रिक्षा थांबलेली होती. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मी वाकून "विमलताई, निघते हो," म्हटलं, पण दोघींपैकी कुणाला ऐकू गेलं नसावं. खालून एक ठोका आला, बसका. मग बाईंचा आवाज, खणखणीत : "बरोबर आहे गं! माझ्या कानाला नाही कळलं. अजून एकदा मार." रिक्षा वळली तेव्हा मी मागे बघितलं. मळक्या हिरव्या जीपखालून पायांचे दोन जोड बाहेर आले होते, एक कॅनव्हासच्या बुटांतले, एक चपलांतले, आणि आतून ठोके येतच होते.